रविवारी सायकल उलटी व्हायची

बाबांनी अंगणात सायकल उलटी केली की माय चुलीतली लाकडं मागे ओढून घ्यायची. स्वयंपाक उशिरा झाला तरी चालेल, पण त्या वेळात फोडणीचा ठसका उठायला नको, हातातून भांडं सुटायला नको, कुणी मोठ्यानं खोकायला नको, असा आमच्या घरचा रविवार असे. इतवारीच्या पलीकडे, मस्कासाथच्या मागच्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे फरशीचं छोटं अंगण, अंगणाच्या कडेनं वाहणारी उघडी नाली, आणि नालीपलीकडे कौसल्यामावशीच्या घराची भिंत, त्या भिंतीत एक खिडकी. एरवी गल्लीत दिवसभर तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा आवाज चाले. तो इतका सवयीचा होता की त्याच्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले. रविवारी ठोकणाऱ्यांना सुट्टी असल्यामुळे गल्ली मुकी होई आणि आमच्या अंगणातला प्रत्येक आवाज सगळ्यांना ऐकू जाई. पाना निसटल्याचा आवाज, शिवीचा आवाज, आणि त्यानंतरचा आवाज.

बाबा मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होते. उंच, काटक, लांब बोटांचे. पाळी संपवून आले की भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची पिंज अडकलेली असे, त्यामुळे ते आहेत त्याहून म्हातारे दिसत. त्यांची ती काळी, उंच दांड्याची सायकल. रोज सकाळी मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत ते तिला फडक्यानं पुसत, चाकाची एकेक तार बोटांत धरून वरून खालपर्यंत. ती पुसताना त्यांचा चेहरा जसा होई तसा आमच्यापैकी कुणाकडे बघताना झालेला मला आठवत नाही. सायकल दुकानात न्यायची नाही हा त्यांचा हट्ट होता. दुकानवाले पेच खराब करतात, चांगला माल काढून हलका घालतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पंक्चर काढणं, चेन आवळणं, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, ब्रेकचे रबर बदलणं, सगळं घरच्या अंगणात. आणि गोम अशी होती की त्यांना ते नीट येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा धीर नव्हता. पेच आडवा बसला की ते तो तसाच जोरात फिरवत, मग आटे जात, आणि आटे गेले की आमच्यापैकी कुणाचं तरी काही खरं नसे.

आधी राग वस्तूवर निघे. हातोडी फरशीवर आपटे, पंप भिंतीवर जाई. मग जवळ जो असेल त्याच्यावर. दारामागच्या खिळ्याला जुन्या ट्यूबची लांब कापलेली पट्टी टांगलेली असायची, कॅरिअरवर सामान बांधायला. ती मायच्या पाठीवर पडली की आधी आवाज येई आणि मग बऱ्याच वेळानं मायचा श्वास. रबराचा वळ वेताच्या वळासारखा नसतो, तो रुंद उठतो आणि आठवडाभर काळानिळा राहतो. माझ्या थोरल्या भावाच्या हातून एकदा मडगार्डला पोचा आला, तेव्हा बाबांनी पेडल फिरवून मागचं चाक जोरात सोडलं आणि त्याचा हात धरून त्यात घातला. त्याची करंगळी कायमची वाकडी राहिली. पुढे तो रेल्वेत लागला आणि भुसावळला गेला, आणि मला कधी कळलं नाही की त्याला रेल्वे आवडली होती की फक्त तिचं दूर जाणं.

मी सायकल दुरुस्ती शिकले ती भीतीनं. मला कुणी शिकवली नाही. बाबांनी हात पुढे केला आणि त्यात योग्य तो पाना नसला तर पुढे काय होतं हे माहीत असल्यामुळे मी त्यांच्या हातांकडे बघत बसायची. त्यांची नजर कुठल्या नटाकडे गेली ते पाहून त्या मापाचा पाना आधीच उचलून ठेवायची. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली की बुडबुडे कुठून येतात ते त्यांच्या आधी मला दिसे, पण बोट दाखवायचं नाही, नुसता खडू जवळ सरकवायचा. घासपट्टी, सोल्युशन, तुकडा, मग फुंकर घालून थांबायचं. ते थांबत नसत. मी मनातल्या मनात थांबायची, आणि सोल्युशन ओलं असतानाच त्यांनी तुकडा चिकटवला की मला कळे, तो संध्याकाळपर्यंत सुटणार आणि त्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागणार. शाळेत मॅट्रिकच्या वर्गात जाईपर्यंत मला त्या सायकलीचा प्रत्येक नट बंद डोळ्यांनी सांगता आला असता. बसले मात्र मी तिच्यावर कधीच नव्हते. पोरीच्या जातीनं सीटवर बसलेलं त्यांना चालत नव्हतं.

आज माझ्या भाचीचा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याची गिअरची सायकल आहे, पिसासारखी हलकी. परवा तो माझ्यासमोर चेन बसवत होता, चेन बसेना, आणि तो हसत हसत म्हणाला, "आजी, ही काही ऐकून नाही राहिली माझं." मी त्याच्या हसण्याकडेच बघत राहिले. चेन उतरल्यावर माणूस हसूही शकतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर पाहायला मिळालं.

तर तो दिवस. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा. काळी आणि पिवळी मारबत निघते, बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, त्यांच्यामागे बडगे, पुरुषांचे पुतळे, आणि सगळं शहर इतवारीच्या रस्त्यांवर उतरून 'रोगराई घेऊन जा, ईडापीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत असतं. शाळेला सुट्टी, मिलला सुट्टी. गल्लीतले पुरुष आणि पोरं सकाळपासूनच मिरवणुकीच्या रस्त्याला गेलेली. लांबून ढोलांचा आवाज येत होता, मधूनच माणसांचा लोंढा ओरडल्यासारखा. थोरला भाऊ तोवर भुसावळला गेला होता. बाबा मिरवणुकीला गेले नव्हते. पुढचं चाक दोन दिवसांपासून करकर वाजत होतं, आणि त्या करकरीनं त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. त्यांनी सायकल उलटी केली, चाक काढलं, आस खोलला, आणि आतले छर्रे, ज्यांवर चाक फिरतं त्या पोलादी गोळ्या, रॉकेल घातलेल्या जर्मनच्या वाटीत टाकले. ती वाटी त्यांनी ठेवली कुठे, तर स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्याजवळ, जिथून माय ये-जा करत होती.

माय वडे तळत होती. आदल्या दिवशीचं पुरण उरलं होतं, त्याच्याबरोबर कढी आणि वडे असा बेत होता. सणाचा दिवस म्हणून ती जरा खुशीत होती, इतकी की अगदी हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. ती पाणी आणायला बाहेर आली, आणि तिच्या लुगड्याचा काठ वाटीला लागला.

वाटी मोठ्यानं पडलीसुद्धा नाही. नुसती कलंडली. छर्रे फरशीवरून टपटप उड्या मारत पसरले आणि काही सरळ नालीत गेले. बाबा उकिडवे बसले होते, त्यांनी मान वर केली.

"डोळे फुटले का वं तुहे?"

एवढंच बोलले. माय "अवो, उचलतो ना मी," म्हणत खाली वाकत होती. त्यांच्या हातात मोठा पाना होता. त्यांनी तो बसल्या जागेवरून फेकला, सगळा जोर लावून, कुत्र्याला दगड मारावा तसा. मी मधे होते. तो माझ्या कानाजवळून गेला हे मला वाऱ्यावरून कळलं. मग ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला.

माय ओरडली नाही. तिनं डावा हात डोळ्यावर ठेवला, मागे वळली, आत गेली, आणि उजव्या हातानं कापडाच्या चुंबळीनं धरून तेलाची कढई चुलीवरून खाली उतरवली. मग ती भिंतीला टेकून बसली, आणि तिच्या बोटांच्या फटींतून रक्त वाहायला लागलं, कोपरापर्यंत, कोपरावरून लुगड्यावर. आयुष्यात मी पुढे पुष्कळ रक्त पाहिलं, ते माझं कामच होतं. पण ती खाली उतरवलेली कढई मला अजून दिसते, तिच्यातला वडा तळून काळा होत चाललेला.

मी वळून बघितलं. बाबा तसेच उकिडवे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि ते म्हणाले, "छर्रे शोध. नालीत गेले, पाह्य."

मी छर्रे शोधले. त्यांच्यासाठी नाही. मी आधी गल्लीत धावत गेले होते, टोकापर्यंत. एकही रिक्षा नव्हती, सगळ्या गर्दीत अडकलेल्या किंवा रिक्षावाले रिक्षा सोडून मारबत बघायला गेलेले. हातगाड्या साखळीनं एकमेकींना बांधून ठेवलेल्या. मायला उभं राहवत नव्हतं, उभी केली की ती गोल फिरून खाली बसे. मोठा सरकारी दवाखाना चालत गेलं तर मला जवळ होता, तिला नव्हता. मग मी नालीत हात घातला. कोपरापर्यंत. चिखलातून बोटांना गोल लागेल ते उचललं, रॉकेलमध्ये बुचकळलं, चाकाच्या कपात ग्रीस भरलं, छर्रे त्यात दाबून बसवले. काही कमी पडले, तरी बसवले. आस घातला, छर्रे अडवणारा कोन आवळला, अर्धा फेर मागे सोडला, चाक सायकलला बसवून फिरवून पाहिलं.  बाबा उठून जवळ आले आणि त्यांनी हँडलला हात घातला.

"सरक. मी नेतो तिले."

"हात लावू नको," मी म्हणाले. "तिलेही नको आणि सायकललेही नको. तू सरक."

मी बापाला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणीच म्हणत नव्हतं. त्यांचा हात हँडलवरून खाली आला. तेवढ्यात कौसल्यामावशी आली. मावशी म्हणजे भिंतीपलीकडची, विधवा, जाड आवाजाची बाई. इतकी वर्षं आमच्या घरात मार सुरू झाला की तिच्या खिडकीची फळी लागल्याचा आवाज यायचा. त्या दिवशी तिनं मायला बघितलं आणि "अवं माय वं," म्हणून स्वतःचा पदर फाडून त्यानं तिचं डोकं आवळून बांधलं. आम्ही दोघींनी मायला कॅरिअरवर बसवलं. मी हँडल धरून ढकलत होते, मावशी मागून मायला छातीशी धरून चालत होती. मागच्या बोळांतून गेलो तरी एका ठिकाणी मिरवणुकीचा रस्ता ओलांडावाच लागला. गुलाल, ढोल, घामेजलेली माणसं, सगळे घशाच्या शिरा ताणून ओरडत होते. मावशी त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडली, "सरका रे पोट्टेहो, बाई मरून राहिली!" तेव्हा कुठे वाट झाली. लोक मायकडे बघत आणि मग माझ्याकडे. माझे हात नालीच्या चिखलानं काळे आणि वर रक्त.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मायच्या डोक्याचा पदर सोडला, जखम बघितली, आणि विचारलं, "कसं झालं हे?"

"पडली मी," माय म्हणाली. तिचे ओठ सुकले होते, तरी उत्तर तयार होतं. "न्हाणीत पाय घसरला."

"पडली नाही," मी म्हणाले. "बापानं पाना फेकून मारला."

मायनं माझ्या मांडीला इतका जोरात चिमटा घेतला की तो डाग किती तरी दिवस राहिला. डॉक्टरिणीनं तो चिमटा पाहिला. मग तिनं परिचारिकेला काहीतरी सांगितलं आणि थोड्या वेळानं दवाखान्यातला पोलीस आला, पोट सुटलेला, सुट्टीच्या दिवशी काम लागल्यामुळे वैतागलेला. त्यानं मायला विचारलं, माय म्हणाली पडली. त्यानं मला विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "पोरी, तुह्या बापाले उचलला तर घर कसं चालन तुमचं? इचार कर." मी म्हणाले, "उचला."

त्यांनी बाबांना उचललं. गल्लीतून चालवत नेलं, आणि मिरवणूक बघून परतणाऱ्या लोकांनी ते पाहिलं. ठाण्यात काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण पुढे बरेच दिवस बाबा टाचा टेकवून चालत नव्हते. मायच्या भुवईला टाके पडले. डोळ्याचं डॉक्टरिणीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवून झाल्यावर, मायचा हात हातात घेऊन. डाव्या डोळ्यानं आता दिसणार नाही. माय म्हणाली, "उजव्यानं तर दिसते ना बाई?" मग माझ्याकडे वळून, "तू काहून बोलली वं पोलिसाले? आता घरी जाऊन काय होईन, माहीत हाय का तुले?"

मला माहीत होतं. तिलाही होतं. तरी तिला सुट्टी मिळाल्यावर आम्ही घरीच गेलो, कारण दुसरं कुठलं घर नव्हतं. भर दुपार होती. गल्लीत भांडी ठोकण्याचा आवाज सुरू होता. बाबा आधीच सुटून आले होते आणि खाटेवर बसले होते. एका गालावर सूज.  मायनं पट्टी बांधलेल्या डोक्यानं चूल पेटवली, भाकरी थापल्या, झुणका केला. एका डोळ्यानं तिला अंतर कळत नव्हतं, तवा कुठे आहे ते ती हातानं चाचपत होती आणि दोनदा तिची बोटं भाजली. बाबा जेवले. शांतपणे, पोटभर. ताटात हात धुतला, उठले, दारामागच्या खिळ्यावरून ट्यूबची पट्टी काढली, आणि मला केसांना धरून अंगणात ओढलं.

"बापाचं नाव सांगते पोलिसाले? बापाचं?"

त्याआधी मी मार खाल्ला होता, पण तो रागाचा मार होता. हा तसा नव्हता. ते दमले की थांबत, श्वास घेत, आणि पुन्हा सुरू करत. पट्टी पाठीवर बसत होती, मग मी वळले तेव्हा मानेवर, मग तोंडावर. मी फरशीवर पडले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर पाय दिला. त्यांना वाटलं असावं की त्या हातानं मी त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. माझ्या तोंडात रक्ताची चव होती आणि कानात सगळ्या गल्लीची भांडी एकदम ठोकली जात होती. मग मला कळलं की ठोकण्याचा आवाज थांबलाय. गल्ली ऐकत होती. कुणी आलं नाही.

मला मायचे पाय दिसले. अनवाणी, पिठानं माखलेले. ती आतून आली होती आणि तिच्या दोन्ही हातांत सायकलचा पंप होता, तो जुना, जड, लोखंडी पंप. तिनं तो डोक्याच्या वर नेला. एका डोळ्यानं नेम लागणार नाही म्हणून की काय, ती आधी अगदी जवळ आली, बाबांच्या अंगाला लागेल इतकी. बाबांनी पट्टी पुन्हा वर उचलली होती. पंप त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वाळलेली तुऱ्हाटी, तुरीची काडी, मोडावी तसा असतो तो. बाबा ओरडले आणि वळले, तेव्हा तिनं दुसरा घाव त्याच हातावर, आणि तिसरा खांद्यावर घातला. ते खाली बसले, हात पोटाशी धरून. माय पंप तसाच वर धरून उभी होती. तिची पट्टी रक्तानं पुन्हा भिजायला लागली होती.

"आनखी पाह्यजे का?" तिनं विचारलं. जेवायला वाढताना विचारायची त्याच आवाजात, ना चढा ना उतरा. "मले मारलं ते मारलं. पोरीले हात नाही लावायचा. आनखी पाह्यजे का, सांगा."

बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मी भीती पाहिली, आणि खरं सांगायचं तर माझ्या ठेचलेल्या अंगात त्या क्षणी दुखण्यापेक्षा जास्त दुसरंच काहीतरी होतं. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं मायनं विचारू नये, मारावं. दारात कौसल्यामावशी येऊन उभी होती, तिच्यामागे गल्लीतल्या बायका, त्यांच्यामागे भांडी ठोकणारे दोघंतिघं. मावशीनं अंगणातलं सगळं एकदा डोळे भरून बघितलं. मग ती मागच्या माणसांना म्हणाली, "चाला वो, काय तमाशा हाय काय? घरातली गोष्ट हाय," आणि तिनं आमचं दार बाहेरून ओढून घेतलं. इतकी वर्षं ती हेच म्हणून खिडकी लावत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उपयोग मायला झाला.

बाबा दवाखान्यात गेले नाहीत. तिथे कसं झालं म्हणून विचारतात. ते हाडवैद्याकडे गेले, त्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, आणि मनगट वाकडं जुळलं. मिलमध्ये त्यांनी सांगितलं की न्हाणीत पाय घसरला. हे कौसल्यामावशीला कुणाच्या तरी बायकोकडून कळलं आणि तिनं येऊन मायला सांगितलं. माय भाजी निवडत होती. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "लयच निसरडी हाय बाई आमची न्हाणी," आणि मावशी पदर तोंडात कोंबून हसत बाहेर गेली.

त्यानंतर घरात मार बंद झाला असं म्हटलं तर ते गोष्टीतलं वाटेल. बाबांनी हात उचलला नाही असं नाही. पण उचललेला हात वरच राही, जरा वेळ, आणि मग खाली येई, कारण माय मागे सरत नसे. ती आपला उजवा डोळा त्यांच्यावर लावून उभी राही. शिव्या मात्र राहिल्या. शेवटच्या आजारपणापर्यंत राहिल्या.

सायकल माझ्याकडे आली ती अशीच, कुणी न देता. बाबांचा उजवा पंजा मिटत नसे, त्यामुळे ब्रेक धरवत नसे, पाना तर नाहीच. रविवारी मीच ती अंगणात उलटी करायला लागले. बाबा खाटेवरून बघत आणि मधेच म्हणत, "असं नाही वं, उलटा फिरव तो." मी म्हणायची, "चूप बसा." आणि ते बसत. एकदा मी पुढचं चाक खोललं होतं. नालीतून काढलेले जुने छर्रे बदलून नवे घालायचे होते. माय येऊन माझ्याजवळ बसली. इतक्या वर्षांत ती सायकलच्या इतकी जवळ कधी बसली नव्हती.

"दाखव बरं," ती म्हणाली, "काय सांडलं होतं माह्या हातून."

मी एक छर्रा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उजव्या डोळ्याजवळ नेला, बोटानं फिरवला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

"एवढुसा?" ती म्हणाली.

खाटेवर बाबा होते. ते उठले आणि आत गेले. मायनं छर्रा वाटीत टाकला आणि भाकरी थापायला गेली.

मॅट्रिक झाल्यावर रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात मला मदतनीस म्हणून काम मिळालं. तिथूनच पुढे परिचारिकेचं शिक्षण, आणि मग अख्खी नोकरी त्यातच गेली. किती बायकांनी मला सांगितलं की त्या न्हाणीत पडल्या, जिन्यावरून पडल्या, म्हशीनं ढकललं. मी सोबत आलेल्याला आधी बाहेर बसवायची, दार लावायची, आणि मगच पुन्हा विचारायची. बऱ्याच जणी तरीही न्हाणीच सांगत.

कामाचा पहिला दिवस. सायकल चालवायला मी उन्हाळ्यात शिकले होते, मावशीच्या घरामागच्या मैदानात, पडत धडपडत. सकाळी मिलचा भोंगा झाला. बाबा आता पायी जात, म्हणून लवकर निघत. मायनं डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी दिली, मी डबा कॅरिअरला बांधला आणि गल्लीत सायकल काढली. भांडी ठोकणाऱ्यांनी हात थांबवून बघितलं. मी सीटवर बसले आणि निघाले. चाक फिरत होतं, काही वाजत नव्हतं. मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा पुढे मिलकडे जाणाऱ्या माणसांची रांग होती, आणि रांगेबाहेर बाबा. पाठीवरून ओळखले. वाकडा हात पोटाजवळ धरून, टाचा अजूनही थोड्या उचलून चालत होते, रस्त्याच्या अगदी मधून. मी घंटी वाजवली नाही. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. पण मागून सायकल येतेय हे त्यांना कळलं असावं. त्यांनी वळून बघितलं नाही, कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं. ते नुसते बाजूला सरले, आणि मी पुढे गेले.